पीरभाईंची रेल्वे आणि वळणावरचे इंजिन

खेळण्यातल्या रेल्वेचा नाद असलेल्या लोकांची एक ठरलेली तक्रार असते. खोक्यावरचे चित्र पाहून हौसेने मोठे वाफेचे इंजिन आणावे, टेबलावर रूळ मांडावेत, आणि पहिल्याच वळणावर इंजिनाने रूळ सोडावा. त्याच वळणावरून चार चाकांचे चिमुकले इंजिन दिवसभर बिनतक्रार फिरत असते. मोठे मात्र अडते, त्याचे एखादे चाक उचलले जाते आणि ते आडवे होते. इंजिनात दोष नसतो, रुळातही नसतो. लांब इंजिन आणि आवळलेले वळण यांचे एकमेकांशी जमत नाही, एवढेच.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. रेल्वे हा माझा विषय नव्हे. पण मुलांसाठी माथेरानच्या रेल्वेवर एक पाठ तयार करायला घेतला, तेव्हा याच प्रश्नापाशी येऊन थांबावे लागले. माथेरानच्या गाडीबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, कुणा श्रीमंत बोहरा शेठजींच्या मुलाने रागाच्या भरात ती बांधली. दोन, तिच्या वाटेवर दोनशेहून अधिक वळणे आहेत. इतक्या वळणांवरून वाफेचे इंजिन गेले तरी कसे, हे कुणी सांगत नाही. आणि ते शेठजी नेमके कोण, हे सांगताना तर बऱ्याच ठिकाणी माणूसच बदलला जातो.

हे दोन्ही प्रश्न मी इथे एकत्र घेतो आहे.

टेबलावरचे गणित

आधी खेळण्याकडे पाहू, कारण तिथे सगळे डोळ्यांसमोर घडते.

ब्रिटनमध्ये मॉडेल रेल्वेचे सर्वांत रूढ प्रमाण १:७६ आहे. म्हणजे खरे इंजिन ७६ पटींनी लहान केलेले. हॉर्नबी या तिथल्या जुन्या कंपनीच्या रुळांमध्ये ‘दुसरे वळण’ ४३८ मिलिमीटर त्रिज्येचे असते. घरातल्या टेबलावर बसावे म्हणून ते इतके लहान ठेवलेले. आता हीच त्रिज्या ७६ पट करून पाहा. उत्तर येते सुमारे ३३ मीटर. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण नियमात बसत नाही. म्हणजे मैदानी मार्गावर धावणाऱ्या महाकाय इंजिनाची प्रतिकृती करायची आणि तिला खऱ्या जगापेक्षा पाचपट आवळलेल्या वळणावरून न्यायचे, असा हा मामला आहे.

ब्रिटिश रेल्वेने १९५४ ते १९६० या काळात ‘नाईन एफ’ वर्गाची २५१ मालवाहू इंजिने बांधली. त्यांना एकामागे एक पाच जोड्या मोठी चाके होती. पहिल्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंतचे अंतर सुमारे ६.६ मीटर. मॉडेलमध्ये ते ८७ मिलिमीटर होते. ही पाच जोडी चाके एका ताठ चौकटीत सरळ रेषेत बसवलेली असतात आणि रूळ मात्र वाकलेला असतो. पट्टी वर्तुळावर ठेवली तर तिची टोके रेषेवर येतात आणि मध्य आत राहतो, तसेच हे. शाळेतल्या भूमितीने हिशेब केला तर ४३८ मिलिमीटरच्या वळणावर मधले चाक रुळाच्या रेषेपासून २ मिलिमीटरहून अधिक बाजूला पडते. रुळांमधले एकूण अंतरच जिथे साडेसोळा मिलिमीटर, तिथे दोन मिलिमीटर म्हणजे फार झाले.

रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक उंच कड असते. तिला फ्लँज म्हणतात. चाक रुळावरून घसरू नये म्हणून ती असते. पण वरच्या उदाहरणात हीच कड मधल्या चाकाला रुळावर नीट बसू देत नाही. म्हणून उपाय निघाला की मधल्या चाकांची कडच काढून टाकायची. ही युक्ती खेळणेवाल्यांनी शोधलेली नाही, खऱ्या ‘नाईन एफ’ इंजिनांचीही मधली चाके बिनकडेचीच होती. कारखान्याने मोठ्या रुळांसाठी जे केले, तेच खेळण्याने उचलले.

दुसरा उपाय म्हणजे ॲक्सलना, म्हणजे चाकांच्या आसांना, थोडे डावे-उजवे सरकू द्यायचे. तिसरा उपाय म्हणजे इंजिनाचे दोन भाग करायचे. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक कंपनीचे ‘बिग बॉय’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. १९४१ ते १९४४ या काळात अशी २५ इंजिने बांधली गेली. एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन संच होते, पैकी मागचा संच पक्का आणि पुढचा बिजागरीवर वळणारा. त्याच्या अनेक मॉडेलांमध्ये दोन्ही संच वळते करतात, नाहीतर ते टेबलावर फिरणारच नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. चाके वळतात, बॉयलर सरळच राहतो. मग वळणावर त्याचे नाक बाहेर येते आणि बोगद्याच्या तोंडावर किंवा शेजारच्या गाडीवर आपटते. म्हणून अनुभवी माणसे मोठ्या इंजिनासाठी बोगदे रुंद ठेवतात, शेजारच्या रुळांमध्ये अंतर वाढवतात आणि सरळ रुळानंतर एकदम वळण न घेता ते हळूहळू आवळत नेतात.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन तिथे जरूर जावे. गाड्या बघताना मुले टाळ्या वाजवतात, पण वळणावरची चाके बघायला सांगितली की गप्प होतात आणि वाकून बघू लागतात. तिथे खरा तास सुरू होतो.

डोंगरावरचे गणित

आता हाच प्रश्न नेरळला घेऊन जाऊ.

माथेरानचा डोंगर ठाकर, कातकरी, धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि इंग्रजी दप्तरात त्याचा ‘शोध’ लागला. पुढे मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले उभे राहिले. नेरळपर्यंत रेल्वे होती, पण वर जायला घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय.

नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंचीवर आहे आणि माथेरान ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे चढायचे सुमारे ७६० मीटर. या रेल्वेचा कमाल चढ १:२० ठरला, म्हणजे वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. दातेरी रुळाविना, निव्वळ चाकाच्या पकडीवर चालणाऱ्या गाडीसाठी हा फार मोठा चढ आहे. याहून बराच ताठ चढ असेल तर सहसा निलगिरीसारखा दातेरी रूळ वापरतात. आता गुणाकार करा. ७६० मीटर चढायला १:२०च्या हिशेबाने किमान १५ किलोमीटर रूळ हवा. स्थानके, सपाट जागा आणि सौम्य चढ धरले की तो २० किलोमीटरच्या पुढे जातो. प्रत्यक्षात मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा आहे. पायवाटेचे अंतर याहून बरेच कमी आहे. एवढा लांब रूळ त्या अरुंद डोंगरउतारावर मावायचा तर तो पुन्हा पुन्हा दुमडावाच लागणार. वळणे तिथे शोभेसाठी नाहीत, ती चढातून निघालेली आहेत.

म्हणून रूळ निवडला दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरचा. रूळ जितका अरुंद, तितके वळण आवळता येते आणि डोंगर कमी खोदावा लागतो. पण इथे दुसरा पेच उभा राहतो. मूळचा रूळ हलका होता, वारामागे फक्त ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो. हलक्या रुळावर एका ॲक्सलने फार वजन टाकून चालत नाही. चढावर पकड हवी म्हणून इंजिनाला मात्र वजन हवे. मग वजन अधिक ॲक्सलवर वाटावे लागते. ॲक्सल वाढले की इंजिन लांबते, आणि इंजिन लांबले की वळणावर अडते. टेबलावरच्या हौशी माणसाला छळणारा पेच तो हाच. फरक इतकाच की इथे एका बाजूला दरी आहे आणि डब्यांत माणसे बसलेली आहेत.

दार्जिलिंगच्या रेल्वेने १८८१ साली याला वेगळे उत्तर दिले होते. तिथली प्रसिद्ध इंजिने फक्त दोन ॲक्सलची, आखूड. जिथे चढ फार, तिथे रुळाचे वेटोळे केले किंवा गाडी पुढे-मागे नेत झिगझॅग चढवली. माथेरानला तीन ॲक्सलची इंजिने आणली गेली. ती वळणार कशी, हा प्रश्न इंजिनातच सोडवलेला होता.

इंजिनाच्या पोटातली युक्ती

माथेरानच्या रेल्वेचे सल्लागार अभियंते होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. महाराष्ट्राला हे नाव अधिक ठाऊक असायला हवे. १८८०च्या दशकात ते जीआयपी रेल्वेत नोकरीला आले आणि त्यांनी आपल्या भागातल्या अरुंद रेल्वेचा ध्यास घेतला. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही त्यांचीच. १९०६ साली ती पंढरपूरपर्यंत पोहोचली आणि पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांना तिने विठोबाच्या दारी नेले. हलक्या रुळावर वजन सर्व ॲक्सलवर सारखे वाटायचे, हा त्यांचा आग्रह बार्शीच्या रेल्वेत पहिल्यापासून दिसतो.

माथेरानसाठी इंजिने आली जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीकडून. सहा चाकांची, पाण्याची टाकी अंगावरच असलेली, अशी चार इंजिने. त्यांचे वैशिष्ट्य होते क्लीन-लिंडनर ॲक्सल. क्लीन आणि लिंडनर हे जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याच्या रेल्वेतले दोन अभियंते. त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे.

वाफेच्या इंजिनात सगळी मोठी चाके बाहेरून लोखंडी दांड्यांनी जोडलेली असतात. सिलिंडरचे बळ या दांड्यांतून प्रत्येक ॲक्सलला पोहोचते. दांडे नीट फिरायचे तर सर्व ॲक्सल एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. वळणावर मात्र चाकांना तिरके व्हायचे असते. दांडे म्हणतात सरळ राहा, रूळ म्हणतो वळ. दोघांचेही ऐकायचे कसे?

क्लीन आणि लिंडनर यांनी टोकाचा ॲक्सल दुहेरी केला. आत एक भरीव ॲक्सल. तो चौकटीत पक्का बसतो, त्याच्या टोकांना दांडे जोडलेले असतात आणि तो कधीच तिरका होत नाही. त्याच्या भोवती एक पोकळ ॲक्सल, नळीसारखा. चाके या बाहेरच्या नळीवर बसवलेली. आतला आणि बाहेरचा ॲक्सल फक्त मधोमध एका गोळ्याने जोडलेले, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखे. गोळ्यातून गेलेली खीळ आतल्याचे फिरणे बाहेरच्याला देते. त्यामुळे नळी चाकांसकट फिरतेही आणि वळणाप्रमाणे थोडी तिरकीही होते. दांडे सरळ राहतात, चाके वळतात. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने खंदकांमागच्या ६०० मिलिमीटरच्या तात्पुरत्या रुळांवर आठ चाकांची जी इंजिने वापरली, त्यांतही हेच ॲक्सल होते. अशी दोन हजारांहून अधिक इंजिने तयार झाली. माथेरानला ही युक्ती त्याच्या आधीच, शांततेच्या कामासाठी, आलेली होती.

१९०४ साली बांधकाम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. याच इंजिनांच्या बळावर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाफेची गाडी चालली. मग सगळा भार डिझेलवर गेला.

हे पीरभाई कोण?

रेल्वे बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. पैसा दिला त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. खर्चाचा आकडा १६ लाख रुपये असा सांगितला जातो.

आधी नावाविषयी. ‘पीरभॉय’ वाचून मुले विचारतात, सर, हे इंग्रज होते का? उर्दू-गुजरातीत हे साधे ‘पीरभाई’ आहे. इंग्रजी कारकुनांनी ‘भाई’चे स्पेलिंग ‘भॉय’ असे केले आणि करीमभाईंचे करीमभॉय झाले तसे पीरभाईंचे पीरभॉय झाले. आपण ते इंग्रजीतून परत मराठीत आणले आणि घरचे नाव परके वाटू लागले.

सर आदमजी हे दाऊदी बोहरा समाजातले मुंबईचे व्यापारी. सैन्याला तंबू आणि बूट पुरवण्याच्या व्यवसायात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ होते. १९०७ साली त्यांना ‘सर’ किताब मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. चर्नी रोडच्या सॅनिटोरियमला त्यांचे नाव आहे. १९१३ साली त्यांचा इंतकाल झाला.

लोककथा अशी की अब्दुल हुसेन एकदा नेरळला उतरले, वर जायला ना घोडा मिळाला ना पालखी, आणि त्यांनी कसम खाल्ली की आता येईन तर स्वतःच्या रेल्वेनेच. कथा गोड आहे. पण एवढ्यावर थांबलो तर सगळे काम एका श्रीमंत मुलाच्या रुसव्याचे होऊन जाते. रुसव्याने रेल्वे होत नाही. आखणी, जमीन, सरकारी परवानगी, परदेशी कारखान्याची मागणी, अभियंत्याशी सल्लामसलत, तीन वर्षांचे बांधकाम, हे सगळे ज्याने निभावले त्याला उद्योजक म्हणतात. टाटा-बिर्लांबद्दल लिहिताना आपण हा शब्द सहज वापरतो. पीरभाईंच्या वाट्याला मात्र किस्सा येतो.

नावाची सरमिसळ

याहून मोठी गफलत पुढे आहे. इंटरनेटवर अनेक ठिकाणी लिहिलेले सापडते की माथेरानची रेल्वे ‘आदमजी ग्रुप’च्या सर आदमजी यांनी बांधली. हा आदमजी ग्रुप पाकिस्तानातला नामवंत उद्योगसमूह. त्याचे संस्थापक सर आदमजी हाजी दाऊद. ते काठियावाडातल्या जेतपूरचे मेमन, जन्म १८८०. त्यांची काडेपेटीची फॅक्टरी रंगूनला, तागाची गिरणी कलकत्त्याला. फाळणीनंतर ते कराचीला गेले आणि १९४८च्या जानेवारीत तिथेच वारले. नेरळला रूळ पडत होते तेव्हा ते चोवीस-पंचवीस वर्षांचे होते, आणि या रेल्वेशी त्यांचा काही संबंध नव्हता. एक बोहरा, एक मेमन. एक मुंबईचा, दुसरा रंगून-कलकत्त्याचा. दोघांत सारखे फक्त ‘सर’ आणि ‘आदमजी’.

चूक किरकोळ वाटेल. पण तिचा परिणाम पाहा. आपल्या रायगड जिल्ह्यातली रेल्वे बांधणारा मुंबईचा माणूस या एका चुकीने सीमेपलीकडे जाऊन बसतो. मग कुणीही सहज म्हणू शकते, ‘ते तर पाकिस्तानवाले.’ १९०७च्या लीग अधिवेशनाचा उल्लेख हाताशी असला की असे म्हणणे आणखी सोपे होते. त्या वेळी लीगचे वय एक वर्ष होते. पाकिस्तानच्या मागणीचा ठराव १९४० सालचा आहे, आणि तेव्हा सर आदमजींना जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. इतिहास शिकवताना साल महत्त्वाचे असते ते याचसाठी.

याबाबतीत आपल्या लोकांशीही थोडे बोलायला हवे. मोहल्ल्यातल्या कार्यक्रमांत, व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात ही रेल्वे ‘मुसलमानांनी दिलेली देणगी’ म्हणून मिरवली जाते, आणि त्यातही पुष्कळदा हीच चुकीची ओळख पुढे पाठवली जाते. ज्याचा गौरव करायचा त्याचे नाव-गाव तपासायची तसदी आपणही घेत नसू, तर इतरांना बोल कसा लावणार? शिवाय ही रेल्वे एकट्या पीरभाईंचीही नाही. पैसा आणि जिद्द मुंबईच्या बोहरा घराण्याची. रुळाचे शास्त्र बार्शीची रेल्वे बांधणाऱ्या इंग्रजाचे. ॲक्सल दोन सॅक्सन अभियंत्यांचा, इंजिन जर्मन कारखान्याचे. आणि सह्याद्रीचा कातळ फोडून रूळ बसवणारे हात मजुरांचे. यांतले एक नाव पुसले तर गोष्ट खोटी होते, आणि एकच नाव ठेवले तरीही खोटीच होते.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या तीन पहाडी रेल्वे जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरान अजून प्रतीक्षेत आहे. २००५च्या आणि २०१९च्या पावसाने तिचे रूळ वाहून नेले, दुरुस्तीला वर्षे लागली, तरी ती पुन्हा सुरू झाली. कधी ना कधी वारसा यादीसाठी तिचा इतिहास सविस्तर लिहिला जाईल. तो लिहिताना पीरभाईंच्या जागी दुसऱ्याच आदमजींचे नाव छापले जाऊ नये, एवढी काळजी आपण आतापासून घेऊ शकतो. ज्यांना विकिपीडियावर लिहिता येते त्यांनी पाने तपासावीत, शिक्षकांनी वर्गात बरोबर नाव सांगावे. आणि माथेरानचे जुने वाफेचे इंजिन कुठे जतन केलेले दिसले, तर त्याच्यासमोर फोटो काढून झाल्यावर मुलांना खाली वाकून टोकाचा ॲक्सल शोधायला सांगावे. बाहेरून तो साधाच दिसतो. नळीच्या आत काय आहे ते आपण समजावून सांगायचे.